दादाराव खंडाऱ्यांची बंदूक

दादाराव खंडारे यांनी आमच्या देवघरातल्या गणपतीवर बंदूक रोखली, तेव्हा माझी बायको आरतीचं तबक घेऊन शेजारीच उभी होती. त्यांनी घोडा दाबला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हे पितळ नाई. आत जस्त हाये, वरून पितळेचा मुलामा. कोनं देल्लं तुमाले?"

गणपती माझ्या सासूबाईंनी दिला होता. बायको महिनाभर दादारावांशी बोलली नाही आणि आठवडाभर माझ्याशीही, कारण तो माणूस घरात मी आणला होता.

बंदूक म्हणजे गोळीची नव्हे. केस वाळवायचं यंत्र असतं ना, साधारण तशी. रंग पिवळा, पाठीवर छोटा पडदा. तिचं नाक वस्तूला टेकवून घोडा दाबला की वस्तू कशाकशाची बनली आहे ते पडद्यावर उमटतं. मोठ्या कारखान्यांत कोणता पाइप कुठल्या पोलादाचा हे बघायला ती वापरतात, विमानतळावर चोरटं सोनं ओळखायला वापरतात. दादारावांचा अकोल्याच्या एमआयडीसीत भंगाराचा धंदा. स्टीलचे प्रकार डोळ्यांना सारखे आणि भावाला वेगळे, म्हणून त्यांनी चारचाकी घ्यायचं रद्द करून बंदूक घेतली.

ती वर्षं वऱ्हाडाची वाईट होती, आणि म्हणूनच भंगाराची चांगली होती. जिनिंगचे कारखाने बंद पडून विकले जात होते, आटलेल्या विहिरींवरच्या मोटारी निघत होत्या. "मास्तर, गाव बसलं का भंगार उठते," दादाराव मला सांगत. त्या सांगण्यात आनंद नव्हता, पण लाजही नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि जठारपेठेत त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. म्हणून मी मास्तर.

धंद्यापुरती बंदूक वापरली असती तर माणूस सुखी झाला असता. पण दादाराव ती खांद्याला लटकवून लग्नाला जात. आहेराच्या भांड्यांच्या ढिगाशी उकिडवे बसत आणि एकेक पातेलं उचलून निकाल देत. "हे असली. हे नकली. हे गंजनार. मामानं देल्लं वाटते." जेवणाच्या पंगतीत चमच्यांची तपासणी होई. कोणी फार डोळे वटारले की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "मशीनले सोयरं नसते, बाप्पा."

एकदा पोलिसांनी त्यांना बोलावलं होतं. कुठल्याशा गावची देवीची मूर्ती चोरीला जाऊन सापडली होती आणि हीच आपली पंचधातूची मूर्ती असं विश्वस्त म्हणत होते. दादारावांनी घोडा दाबला आणि सांगितलं की मूर्ती निव्वळ पितळेची आहे. विश्वस्त खवळले. फौजदार कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, आमी चोर पकडला. तुमी देवी कायले पकडून राहिले?" त्यानंतर पोलिसांनी त्यांना बोलावल्याचं मला आठवत नाही.

लोक हसत, टाळत, पण मनातून मानत. दादाराव बोलले म्हणजे ते तसंच, हे अकोल्यापासून अंजनगाव सुर्जीपर्यंत भंगाराच्या, सोन्याच्या, भांड्यांच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. अंजनगावाला तर जरा जास्तच. त्याचं कारण त्यांची मुलगी.

प्रतिभा एकुलती एक. आई लहानपणीच गेली, बापाने वाढवली. अंजनगावच्या संजयशी तिचं जमलं. संजयच्या घरचं खताबियाण्यांचं कृषी केंद्र होतं. दादारावांनी फार खळखळ न करता होकार दिला. साक्षगंधाच्या दिवशी आमच्याच गच्चीवर मांडव होता. मुलाकडच्यांनी पाटल्या आणल्या. मुलाची आई त्या प्रतिभाच्या हातात घालणार, एवढ्यात दादारावांनी हात पुढे केला. "जरा पाहू."

मी त्यांचं मनगट धरलं होतं. त्यांनी ते सोडवून घेतलं.

"तांबं हाये," ते म्हणाले. "वरून सोन्याचं पानी."

मुलाच्या आईने पाटल्या पदराखाली घेतल्या. मागून कळलं की त्या पडत्या वर्षांत दुकान बसलं, तेव्हाच घरातलं खरं सोनं विकून झालं होतं. चारचौघांत हात रिकामा दिसू नये म्हणून बिचारीने मुलाम्याच्या पाटल्या आणल्या होत्या, आणि पुढे केव्हातरी खऱ्या करून देईन म्हणून प्रतिभाला तसं सांगूनही ठेवलं होतं. मुलीला माहीत होतं, मुलाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त दादारावांना, आणि त्यांनी ते सगळ्या गावाला सांगितलं. पाहुणे न जेवता उठले.

पुढे प्रतिभाने संजयशीच अमरावतीला नोंदणी लग्न केलं आणि बापाशी बोलणं बंद केलं. दादाराव म्हणत, "मी खोटं काय बोललो, सांगा मले." खोटं काहीच नव्हतं, तिथेच तर सगळी पंचाईत होती. पण ते रोज संध्याकाळी वर येऊन माझा पेपर मागत आणि फक्त अमरावती जिल्ह्याचं पान वाचून परत देत. "अंजनगावाकडे पानी झालं म्हनतात," असं काहीबाही पुटपुटत जिना उतरत. ते बघून मला त्यांचा राग येई आणि राग आल्याचा त्रासही होई.

अशात एका सकाळी प्रतिभाचा फोन आला. लग्नानंतरचा पहिलाच. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मशीन घेऊन या."

त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. दाढी केली, इस्तरीचा शर्ट घातला, आणि मला म्हणाले, "मास्तर, चाला संगं. मले एकट्याले जमनार नाई." अकोटमार्गे जाताना सगळा रस्ता ते बंदूक मांडीवर घेऊन बसले होते.

दुकानासमोर संत्रावाले जमले होते. काहींच्या हातात झाडाची पिवळी पडलेली पानं होती. संत्र्याला झिंक कमी पडलं की पान असं पिवळं होतं, म्हणून त्यांनी संजयकडून झिंकच्या पिशव्या नेऊन झाडांना घातल्या होत्या, तरी पानं हिरवी होईनात. आता दुसरा हप्ता घालायचा की संजयला धरायचं, एवढंच ठरायचं होतं. संजयचा चेहरा उतरला होता. दादारावांना पाहून एक म्हातारा संत्रावाला मोठ्याने म्हणाला, "हे आले नं, मंग झालं. यायनं सोताच्या पोरीचं साक्षगंध मोडलं. हे मानूस खोटं बोलत नसते."

दादारावांनी पिशवीतली चिमूटभर पूड पातळ प्लास्टिकमध्ये घेतली, बंदुकीचं नाक टेकवलं आणि घोडा दाबला. मी त्यांच्या खांद्यामागे होतो. पडद्यावर कॅल्शियम होतं, लोह होतं. झिंक नव्हतं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या प्रतिभाकडे.

"झिंक हाये," ते म्हणाले. "माल बरोबर हाये. पानी जास्त झालं अशीन झाडाले."

लोक हां-हूं करत पांगले. काहींनी जाताना आणखी पिशव्या सांगून ठेवल्या. संजयने सासऱ्याचे पाय धरले. मी तोंड मिटून उभा राहिलो. म्हटलं, बापलेकीचं जुळतंय तर जुळू द्या. संत्र्याची झाडं काही माझी नव्हती.

प्रतिभाने आम्हाला आत जेवायला बसवलं. भाकरी वाढून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, खरं काय निंगालं?"

दादाराव हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं लाजून हसताना पाहिलं नव्हतं. "चुना अन् माती. पन तू नोको घाबरू. तुह्या घरावर गोटे आले असते, पोरी."

तिचा हात थांबला. "मंग मी तुमाले कायले बोलावलं? हे त्या माल देनाऱ्या मानसाच्या गोड बोलन्यावर जातात. मी कवाची सांगून राहिली का माल खोटा हाये, कोनी ऐकत नाई. मन राखनारे मले घरातच लय हायेत, बाबा. खोटं न बोलनारा एकच मानूस ठाऊक होता."

दादाराव तसेच उष्ट्या हाताने उठले. बंदूक उचलली आणि चौकातल्या चहाच्या टपरीवर गेले. संत्रावाले तिथेच बसले होते.

"माल खोटा हाये," ते म्हणाले. "झाडाले घालू नोका. मी मघा खोटं बोललो."

त्या म्हाताऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मघा होतं, आता नाई? जवायानं वाढलं नाई वाटते जेवाले."

टपरी हसली. दादारावांनी पडदा पुढे केला, "पाहा, कोठी लिहलं हाये झिंक?" पण ती इंग्रजी अक्षरं कोण वाचणार? मी पुढे होऊन म्हणालो की मी विज्ञानाचा शिक्षक आहे, हे खरं आहे. एकजण म्हणाला, "मास्तर, मघा दुकानात तुमी तठीच होते नं?"

एवढ्यात प्रतिभा आली. आमचाच माल आहे, मी स्वतः सांगते, घालू नका, असं ती म्हणाली. "वहिनी," कोणीतरी शांतपणे म्हणालं, "घरचं भांडन घरी मिटवा. चौकात नोको."

सांगून ठेवलेल्या पिशव्या न्यायला टेम्पो दुकानाकडे निघाला. आम्ही त्याच्या मागे चालू लागलो. मला सगळ्यांचा राग आला होता, खोटा माल करणाऱ्यांचा, टपरीवर हसणाऱ्यांचा, माझा स्वतःचाही. दादाराव सारखे मागे पडत होते. प्रतिभाने त्यांच्या खांद्यावरून बंदूक काढून स्वतःच्या खांद्याला घेतली.

"आता माह्यं कोनी खरं मानत नाई," ते म्हणाले. मग थोडं थांबून, तिच्याकडे न बघता, "तू तं मानते नं?"

तिने बंदुकीचा पट्टा खांद्यावर नीट केला. दुकान दिसू लागलं तेव्हा म्हणाली, "आज मानलं."