देवाचा कोंबडा

कोंडाजीकाकांच्या जिन्यात पहिल्याच पायरीवरून दिसेल असा बोर्ड होता: 'वरच्या मजल्यावर कुत्रा, मांजर, पक्षी वा कोणताही प्राणी पाळण्यास सक्त मनाई.' मासे राहून गेले होते. ते काकांनी मागाहून पेनानं घातले. खोली देताना त्यांनी जितेश मास्तरांकडून तो बोर्ड मोठ्यानं वाचून घेतला. मास्तरांनी त्या खोलीसाठी आख्खी पोथीसुद्धा वाचली असती. सावित्री नदीचं पाणी न विचारता घरात शिरतं त्या महाडात वरच्या मजल्याची खोली मिळणं म्हणजे लॉटरीच.

ती मिळावी म्हणून त्यांच्या आईनं, बायजानं, उमरठच्या वरच्या वाडीत देवीला नवस बोलला होता. पौषात एके दिवशी बायजा एसटीतून उतरली. हातात पिशवी होती आणि पिशवीतून लाल तुरा डोकावत होता.

"आये, हे काय?"

"नवसाचा कोंबडा हाय. वाडीत मुंगसानं दोन नेले रे. चैतात जत्रा, तवर ऱ्हाऊ दे हितं."

"अगं, मालकांना कळलं तर खोली जाईल!"

"खोलीसाठीच बोललाय तो. नवस चुकला तर खोली ऱ्हाईल काय?"

दोन्हीकडून खोलीच जात होती. शेवटी मास्तरांच्या बायकोनं, पूनमनं, कोंबड्याला न्हाणीघरात ठेवलं आणि घरातल्या आंघोळी त्याच्या देखरेखीखाली होऊ लागल्या.

पहाटे तो आरवला. खालच्या मजल्यावर राहणारे काका जिन्यात हजर.

"मास्तर, कोंबडा?"

"छे, काका! मोबाईलचा अलार्म."

"काय खरा वाटतो हो! मलाही टाकून द्या."

पूनमनं शोधाशोध करून काकांच्या मोबाईलात कोंबडा घातला. दुसऱ्या पहाटे खालचा आरवला, त्याला वरच्यानं उत्तर दिलं. काकांनी बटण दाबून आपला बंद केला. वरचा काही बंद होईना. काका वर आले.

"मास्तर, तुमच्याला बटण नाही का?"

तेवढ्यात न्हाणीघराचं दार ढकलून अलार्म स्वतःच बाहेर आला.

"महिनाअखेर खोली खाली करा," काका कडाडले. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

बायजा अजून वाडीला परतली नव्हती. ती मात्र शांतपणे म्हणाली, "पाळलेला नाय वो, मालक. देवाचा हाय. खोलीपायी बोललेला. आमी गेलो तर नवस खोलीलाच ऱ्हायला. आन खोली कोनाची?"

काकांनी छताकडे पाहिलं. ते भाडेकरूला कधी भ्यायले नव्हते, पण देवीचं प्रकरण वेगळं. बराच विचार करून ते म्हणाले, "भाडेकरूनं पाळायचा नाही, हा नियम. मालकानं सांभाळू नये असं कुठं लिहिलंय?" आणि कोंबडा काखेत मारून खाली गेले.

काका एकटेच राहत. मुलं मुंबईला, फोन करत, तोही घाईत. आता काका सकाळी कोंबड्याला पेपर वाचून दाखवू लागले. तो मान वाकडी करून ऐके आणि मधूनच काहीतरी बोले. त्या घरात काकांना उलट उत्तर देणारं बऱ्याच वर्षांनी कोणी आलं होतं, आणि त्यांना ते फार आवडलं.

चैत्रात बायजा कोंबडा न्यायला आली.

"सर्दी झालीय त्याला," काका नजर चुकवत म्हणाले. "आजारी कोंबडा देवीला कसा चालेल?"

आजारी कोंबडा खुर्चीवर उभा राहून शेंगदाणे खात होता. बायजानं त्याच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"सांगते देवीला," ती म्हणाली. "यंदा थांब म्हनून."

मास्तरांचा जीव मात्र टांगणीलाच राहिला. नवस बाकी, म्हणजे खोलीची धास्तीही बाकी!

जुलैत पुराचा भोंगा वाजला. सावित्री चढत होती. मास्तरांनी दार उघडलं तर समोर चिंब भिजलेले काका, काखेत रेनकोट घातलेला कोंबडा.

मास्तरांना हसू आवरेना. "या ना, काका. पण ह्याचं काय? खाली बोर्ड आहे!"

काकांनी मास्तरांकडे असं पाहिलं, जणू पोरगं अजून धडाच शिकलेलं नाही.

"पाळलेला नाही, मास्तर," ते म्हणाले. "देवाचा आहे."