मारोतरावांची रोजची दाढी

आयुष्याच्या उतरत्या वयात प्रथमच लेखणी हाती धरणाऱ्या बाईने काही लिहू नये, असे मला मनापासून वाटते. आणि लिहिलेच, तर निदान दाढीविषयी लिहू नये, असे त्याहूनही अधिक वाटते. माझी सारी नोकरी मुलींना भूगोल शिकवण्यात गेली. ज्या गोष्टीचा मला अनुभव नाही आणि यापुढे येण्याचा संभवही नाही, तिच्याविषयी पाने भरण्याचा हा आगाऊपणा वाचकांनी पोटात घालावा. माझा अधिकार एवढाच, की वसमतच्या आमच्या गल्लीत मारोतरावांच्या आणि माझ्या अंगणांमध्ये एकच भिंत आहे. ती माझ्या खांद्याला लागते, आणि तिच्यावरून सकाळी वस्तू माझ्याकडे येऊन पडतात.

पडण्यापूर्वी पुकारा होतो.

"बोला, ह्या रेझरला काय बोलता? बोला! कोणीच न्हाई? एक बार... दोन बार... गेला!"

आणि एक कोरे करकरीत रेझर माझ्या मोगऱ्याच्या आळ्यात येऊन रुतते. आजवर त्या आळ्यात रेझरे पडली, एक ब्रश पडला, क्रीमच्या ट्यूब पडल्या आणि एकदा तुरटीचा खडा माझ्या पाठीत बसला. मी भिडस्त स्वभावाची. वस्तू धुऊन भिंतीवर ठेवून देते आणि आत निघून जाते. तिकडून आवाज येतो, "बाई, ते ठेवू नका! तो माल आपल्याला पसंत न्हाई!"

मारोतराव मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, हळदीचा लिलाव पुकारीत असत. ढिगातले एक हळकुंड उचलायचे, मोडायचे, मोडल्याचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि मग असा पुकारा करायचा की फाटकाबाहेरच्या बैलांनीही माना वर कराव्यात. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि ते काम सुटले. पण आवाज राहिला, पारखही राहिली. ती पारख आता ते दाढीच्या सामानाला लावतात. क्रीम तळहातावर घेऊन चोळतात, नाकाशी नेतात आणि निकाल देतात, "माल वला हाय. वजनासाठी पाणी मारलंय. हे बराबर न्हाई!"

'हे बराबर न्हाई' हे त्यांचे आवडते वाक्य. ते नगरपालिकेला, रेडिओला, उन्हाला आणि स्वतःच्या गुडघ्यांनाही ऐकवले जाते. पण त्याचा खरा कस लागतो तो सकाळी, नळाजवळच्या खिळ्याला टांगलेल्या आरशासमोर. कारण असा राकट आवाज देणाऱ्या विधात्याने त्यांना कातडी मात्र बाळंतिणीच्या कुशीतल्या लेकराची दिली आहे. पाते फिरले की गालावर तांबडे पुरळ उठते, हनुवटीखाली फोड येतात आणि गळा असा चरचरतो की त्यांना सदऱ्याची कॉलरही सोसवत नाही. अशा कातडीचा दुसरा कोणी असता, तर आठवड्यातून एकदा दाढी करून मोकळा झाला असता. मारोतराव रोज करतात. उजाडताच ओसरीवरच्या बाजेवरून उठायचे, ते थेट नळाशी. दाढी झाल्याखेरीज हा माणूस स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडत नाही. मग आत जायचे, चहा ठेवायचा आणि कौसल्यावहिनींना उठवायचे.

कौसल्यावहिनी ही त्यांची पत्नी. गेल्या काही वर्षांपासून त्यांच्या मनातून एकेक गोष्ट पुसली जात आहे. आधी भाजीतले मीठ गेले, मग गल्लीतली माणसे, मग परगावी दिलेल्या लेकीचे नाव. मला त्या 'बाई' म्हणतात. कोणती बाई, हे त्यांनाही ठाऊक नसावे. दुपारच्या आत मारोतराव मोंढ्यात चक्कर मारून येतात, तेवढा वेळ मी त्यांच्याजवळ बसते.

"आता लिलाव न्हाई, काही न्हाई, मामा," गल्लीतले लोक म्हणत. "रोज रोज काहून तोंड सोलून घेऊन राहिले? ठेवा की दाढी!"

या एका वाक्यावर मारोतराव जेवढे पेटत, तेवढे कशावरही पेटत नसत. "तुमच्या बापाच्या नळाचं पाणी घेतो का? माझं तोंड, माझा आरसा! दाढी ठेवा म्हणे! मी काय हिमालयात बसलो का?" एकदा हे ऐकवताना त्यांनी साबणाचा फेस इतक्या जोराने झटकला की विचारणाऱ्याच्या मिशीवर जाऊन बसला.

रागाच्या भरात त्यांनी सर्व उपाय मात्र केले. स्टँडसमोरच्या नव्या सलूनमध्ये गेले. तिथल्या तरुण कारागिराने त्यांच्या गळ्यावर बोट फिरवून निदान केले, "मामा, तुमची स्किन लई नाजूक हाय."

"काय हाय?"

"नाजूक."

"ह्या मानेवर हळदीची पोती वाहिलीत रे मी! नाजूक तुझा आजा असंल!"

तरीही ते बसून राहिले. अर्धी दाढी झाली. त्या भल्या माणसाने मग झालेल्या गालावर कसलेसे सुवासिक पाणी मारले, आणि मारोतराव गळ्याला पांढरे फडके तसेच बांधलेले, एका गालावर फेस, अशा अवस्थेत भर रस्त्यातून घरी चालत आले. उरलेली अर्धी दाढी त्यांनी नळावर केली आणि ती करताना त्या कारागिराच्या सात पिढ्यांचा लिलाव पुकारला. फडके मात्र धुऊन, वाळवून, घडी घालून परत पाठवले.

त्यानंतर हळदीचे प्रकरण झाले. आमच्या गावी ठेच लागो, घसा बसो की नजर लागो, औषध एकच. गल्लीतल्या प्रत्येक स्त्रीने त्यांना हळद आणि साय सुचवली. त्यांनी मोंढ्यातून आणलेल्या नमुन्याच्या पिशवीतली, आपल्याच पारखीची हळद दळून घेतली आणि गालांना, गळ्याला भरघोस लावली. अर्ध्या तासाने धुतली. पण उत्तम हळद ती, धुतल्याने जाते थोडीच! मारोतराव पिवळ्याधमक मुखाने मोंढ्यात शिरले, तेव्हा हमालांनी पोती खाली ठेवली.

"मामा, कवा निघाली वरात?"

"मामीला इचारलं का पण?"

एकाने तर तोंडाने सनई सुरू केली. मारोतराव परतले ते गल्लीच्या तोंडापासून ओरडत. "जन्मभर हळद इकली म्हणून तोंडाला फासायची व्हय? हळद खायची चीज हाय!" मी धीर करून म्हटले, की कदाचित इतकी वर्षे अंगावर बसलेली हळदीची धूळच कातडीला बाधत असेल. ते माझ्यावर उसळले. "बाई, काहीबी बोला, हळदीला नाव ठेवू नका!"

त्यांच्या रागाचा मला तसा उपद्रव नव्हता. फक्त एकदा त्यांनी मला भिंतीपाशी बोलावून घेतले आणि एक ट्यूब पुढे केली. "तुमी शिकलेल्या. वाचा हे."

मी वाचले, "सर्व प्रकारच्या त्वचेसाठी."

"सर्व म्हंजे माझी धरून का सोडून?"

"धरून असावी," मी म्हणाले.

"मग हे काय हाय?" त्यांनी गाल भिंतीवर आणला. ट्यूब पुकारा होऊन मोगऱ्यात गेली, आणि ही एक मी उचलली नाही.

पुढे पुढे त्यांनी स्वतःच एक पद्धत बसवली. आधी कढत पाण्याने स्नान, मग ओला पंचा गालावर धरून उभे राहणे, मग खोबरेल, मग जुन्या लोखंडी रेझरात एकच पाते, आणि केसांच्या कलाने खाली, पुन्हा वर फिरवणे नाही. चार दिवस गल्ली शांत होती. "बराबर!" असा उद्गार मी त्या चार दिवसांत प्रथमच ऐकला. पाचव्या दिवशी गळ्याखाली गाठ आली, तिच्यात पू झाला, अंगात ताप भरला, आणि त्यांना हिंगोलीच्या कातडीच्या डॉक्टरांकडे जावेच लागले.

परतल्यावर भिंतीवरून मला वृत्तांत मिळाला. "म्हणे, म्हैनाभर पातं लावू नका. दाढी वाढू द्या. म्हटलं, दुसरं सांगा. म्हणे, दुसरं न्हाई. चाक घासून राहिलं तर म्हणे गाडीच सोडून द्या! ह्याला डॉक्टर म्हणायचं? हे बराबर न्हाई, बाई. हे बिल्कुल बराबर न्हाई."

शेवटचे वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटले, याचे मला तेव्हा नवल वाटले होते.

गाठ इतकी ठणकत होती की त्यांना ऐकावे लागले. नळावर पुकारा होईना. माझ्या आळ्यात काही पडेना. मारोतरावांच्या तोंडावर पांढरे खुंट वाढू लागले. आयुष्यात प्रथमच वाढत असल्यामुळे ते वेड्यावाकड्या दिशांनी वाढले, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांना दुरून एकदम ओळखले नाही.

एके सकाळी नेहमीप्रमाणे मी त्यांच्या घरी गेले. कौसल्यावहिनी पलंगावर बसल्या होत्या, आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता. नवऱ्यासमोर त्यांना असा पदर घेताना मी कधी पाहिले नव्हते. दाराजवळच्या खुर्चीत मारोतराव बसले होते, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून.

"या बाई," वहिनी म्हणाल्या. "हे पाव्हणे आलेत. आमच्या ह्यांच्याकडं काम हाय म्हणं. ते मोंढ्यात गेलेत. जरा चहा ठेवता का?"

मी मारोतरावांकडे पाहिले. आता छप्पर उडणार, असे मला वाटले. त्यांनी मान किंचित हलवली. काही बोलू नका, असा त्याचा अर्थ होता.

मी चहा ठेवला. आतून मला ऐकू येत होते.

"घाबरू नका," वहिनी पाहुण्याला सांगत होत्या. "ते आले की वरडतील. आवाजच तसा हाय. पण माणूस बराबर हाय. मला ताप आला की उशाशी बसून राहतात अन् वर मलाच रागावतात, ताप काहून आणला म्हणून."

"व्हय," मारोतराव म्हणाले.

"कालपासून दिसले न्हाईत," वहिनी म्हणाल्या आणि दाराबाहेर पाहू लागल्या. "असं न सांगता जात न्हाईत कवा."

मारोतराव पाहुण्यांच्या कपातून, पाहुण्यासारखे, तो दोन्ही हातांनी धरून चहा प्याले. कप हलकेच खाली ठेवला आणि ते उठले. "येतो मी."

"थांबला असता. आत्ता येतील."

"येतील," ते म्हणाले. "आत्ता येतील."

ते बाहेर गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. मी खिडकीशी गेले. कढत पाणी नव्हते, खोबरेल नव्हते. त्या सुजलेल्या गळ्यावरून ते पाते नेत होते, खाली आणि मग पुन्हा वरही, आणि हूं की चूं करीत नव्हते. पंच्याला दोन ठिकाणी तांबडे डाग पडले. मग त्यांनी तोंड पुसले, आरशात नीट पाहिले आणि दारातूनच आवाज टाकला, "काय चाललंय घरात?"

वहिनींचा पदर आपोआप खांद्यावर आला. "आला व्हय? किती येळ! एक पाव्हणं बसून बसून गेलं."

"कोण व्हतं?"

"काय की. गरीब व्हतं बिचारं. काही बोललं न्हाई. त्याला घरी कोणी नसंल असं वाटलं मला."

"मग जेवायला काहून ठेवून घेतलं न्हाई?" मारोतराव गरजले. "हे बराबर न्हाई!"

वहिनी हसल्या. मी घरी आले. मोगऱ्याच्या आळ्यात ती ट्यूब अजून पडलेली होती, 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी' म्हणणारी. मी जन्मात कधी कोणावर आवाज चढवलेला नाही; परंतु त्या सकाळी मी ती ट्यूब उचलली, मनातल्या मनात एक बार, दोन बार म्हटले, आणि ती शक्ती होती तेवढ्या जोराने रस्त्यापलीकडच्या उकिरड्यावर भिरकावली.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडचा पुकारा पुन्हा सुरू झाला. गाठ अद्याप बरी झालेली नाही, आणि डॉक्टरांना ते काही सांगत नाहीत. मीही सांगितलेले नाही. लेखनाचा हा सारा आगाऊपणा मी केला तो एवढ्यासाठीच, की आमच्या गल्लीतले उपाय संपले आहेत. ज्याची कातडी पाते सोसत नाही आणि ज्याला एकही दिवस दाढी चुकवता येत नाही, अशा माणसाने काय करावे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे का?