नवबोडीचा पाणकर

भर बाजाराच्या दिवशी, गुरांच्या दवाखान्यासमोर, भाऊराव कंपाउंडरांनी मला गद्दार म्हटलं. त्यांच्या हातात सुई होती, ती बैलाच्या मानेत अर्धी गेलेली होती आणि बैलाचा मालक शिंगं धरून उभा होता. मी आंधळगावच्या सेवा सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्या हिशेबात कधी पैशाची गफलत निघालेली नाही. गद्दार हा शब्द मला त्याआधी कोणी लावला नव्हता. माझा गुन्हा एवढाच, की आदल्या दिवशी चहा पिताना मी म्हणालो होतो, नवबोडी पुन्हा सुरू झाली तर एखाद वेळी दहावी बोडीही निघेल.

"दहावी बोडी? मंग नाव काय ठेवसान, दहाबोडी? कायले पाहिजे दहावी? नवात काय कमी होतं तुमाले?"

बैलाने उसळी मारली. मालक काकुळतीला येऊन म्हणाला, "कंपाउंडर साहेब, आधी सुई त काढा जी, मंग भांडा."

नवबोडी हे गाव नकाशात सापडायचं नाही. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. असे नऊ तलाव असलेलं एक राज्य रामटेके गुरुजींनी मनाने रचलं होतं. गुरुजी तेव्हा आमच्या शाळेत होते. बहात्तरच्या सुमाराच्या एका पावसाळ्यात, रविवारच्या दुपारी, गणपत शिंप्याच्या दुकानात बसल्या बसल्या त्यांनी कापड कापायच्या टेबलावर खडूने नऊ गोल काढले आणि म्हणाले, "हे एक राज्य आहे. तुम्ही यात कोण?" तिथून खेळ सुरू झाला. पुढे तो नकाशा मांजरपाटाच्या तुकड्यावर रंगीत पेन्सिलींनी उतरला. आम्ही तिघे त्या राज्यात राहायला गेलो. गणपत सावकार झाला, मी सरकारी कोठीचा कारभारी. भाऊराव पाणकर झाले, म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारा माणूस. आपल्या माणसाने काय करायचं ते आपण सांगायचं, कवड्या टाकायच्या, आणि पडलेल्या दानावरून पुढे काय घडलं ते गुरुजी सांगायचे. त्या राज्यातली बाकी सगळी माणसं गुरुजीच. राजा तेच, चोर तेच, आजारी म्हैससुद्धा तेच. त्यांच्या भरघोस मिशांतून कधी कोण बोलेल याचा नेम नसे.

पाच पावसाळे हे चाललं. मग गुरुजींची बदली नाकाडोंगरीला झाली. मांजरपाट घडी घालून त्यांनी ट्रंकेत टाकला आणि ते एसटीत बसून गेले. माझ्या लेखी विषय संपला. प्रपंच होता, दोन मुलींची शिक्षणं होती.

भाऊरावांच्या लेखी काही संपलं नाही. "खेळ बंद नाही जी, थांबलेला आहे," हे त्यांचं पालुपद. त्यात कोणी चुकून 'बंद' म्हटलं की डोळे लाल. दर वर्षी भाताची रोवणी आटोपली की त्यांना खात्रीची बातमी लागायची, "यंदा गुरुजी उघडून राहिले." बातमीचा उगम विचारला तर कधी एसटीचा कंडक्टर, कधी नाकाडोंगरीहून म्हैस घेऊन आलेला कोणीतरी. एकदा गणपत तुमसरच्या बाजारातून आला आणि गुरुजी दुकानात पेन्सिली घेताना दिसले असं बोलून गेला. झालं. भाऊराव त्याच्या मशीनसमोर जाऊन बसले.

"लाल घेतली का निळी?"

"मी काय पाह्यलं जी? पेन्सिल घेतली एवढं पाह्यलं."

"अबे, पाह्यलं नाही त डोळे कायले ठेवले? निळी घेतली असन त पाणी वाढवून राहिले. लाल घेतली असन त लढाई आहे. नीट आठव!"

गणपतने जीव सोडवायला "निळी" म्हटलं. पुढे पंधरा दिवस आम्ही पाणी वाढल्यावर काय काय होईल याची चर्चा करत होतो. मीही करत होतो, हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतो. सोसायटीचं वसुलीचं काम पडून राहिलं आणि मी सहाव्या बोडीचा सांडवा कोणत्या दिशेला काढावा यावर दिवेलागणीपर्यंत वाद घातला.

हे दुकानापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. गावच्या खऱ्या तलावाच्या पाण्यावरून ग्रामपंचायतीत सभा भरली तेव्हा भाऊराव उभे राहिले. त्यांची स्वतःची भाताची एक बांधी नाही, एक गुंठा जमीन नाही. तरी ठणकावून म्हणाले, "शेवटच्या बांधीले पह्यलं पाणी, तलावाजवळच्याले आखरी. कायदा आहे!"

सरपंचांनी भाबडेपणाने विचारलं, "कोणता कायदा जी? कोणत्या सालचा?"

मी खालून भाऊरावांचं धोतर ओढत होतो. कायदा नवबोडीचा होता. तो भाऊरावांनीच कवड्या टाकून राजाकडून मिळवला होता. भाऊराव छाती काढून म्हणाले, "तो चालू आहे. रद्द झाल्याचं दाखवा!" सरपंच घाबरले. त्यांनी मोहाडीला तहसीलदारांकडे चौकशी करायचा ठराव करवून घेतला, आणि त्या ठरावावर अनुमोदक म्हणून सही करायची पाळी माझ्यावर आली. मी सही केली नाही. भाऊराव माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

दवाखान्यामागच्या एका खोलीत ते राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. नातलग म्हणावा असा कोणी आला-गेल्याचं मी पाहिलं नाही. माणूस कामाला चोख होता, मात्र तोंडाने असा की लोक म्हणायचे, बैल बरा होतो आणि मालक आजारी पडतो.

आम्हा तिघांत मतभेदही होते. गणपतचं म्हणणं, खेळ पुन्हा सुरू झालाच तर सगळं नव्याने मांडावं. त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्याचा सावकार शेवटच्या पावसाळ्यात पार बुडाला होता. मला नवं-जुनं सारखंच. भाऊरावांची मात्र एकच अट, आणि ती ऐकून ऐकून माझे कान किटले होते. "जेथं थांबला तेथूनच. एक कवडी इकडची तिकडे नाही."

काहून, असं विचारलं की ओरडायचे, "काहून म्हणजे? राज्य आहे थे, पाटी नाही पुसून टाकाले!"

गुरुजी निवृत्त झाले आणि त्या पावसाळ्यात बहिणीकडे राहायला आंधळगावला आले. बदलीला तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती. रविवारी ते आपल्या पायाने दुकानात आले. केस पांढरे, मिशा तेवढ्याच भरघोस. काखेत मांजरपाट. भाऊराव इस्त्रीचा सदरा घालून आधीपासून बसले होते आणि आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला दुकान बंद असल्याचं सांगून हाकलत होते. गणपत दात-ओठ खात होता.

गुरुजींनी कापड उलगडलं. अर्ध्या बोड्या उंदरांनी खाल्ल्या होत्या.

"भाऊराव, मला आता फारसं आठवत नाही," गुरुजी म्हणाले. "वय झालं. गणपत म्हणतो तसं करू. नवा तुकडा घेऊ, नवी माणसं घेऊ. तुम्ही या वेळी राजा व्हा."

गणपत टुणकन उठला आणि नवा मांजरपाट कापायला कात्री शोधू लागला. मीही मान हलवली. भांडण मिटत असेल तर राजा कोणी का होईना.

"ठेव थे कात्री!" भाऊराव एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. "राजा नाही व्हाचं मले. नवं मांडता? आन थे बाई? थिचं काय?"

"कोणती बाई?" मी विचारलं.

"कोणती बाई म्हणते हा! पाणकराची बायको! भात वाढून बसली आहे थे!"

आम्हाला काही आठवेना. भाऊराव टेबलावर मूठ आपटत सांगू लागले. त्या शेवटच्या रविवारी नवबोडीत मुसळधार पाऊस लागला होता. पाचव्या बोडीची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटायला आली होती. पाणकर नुकताच ताटावर बसला होता. बोंब ऐकून तो उठला. गुरुजींनी बायकोच्या आवाजात म्हटलं होतं, "गरम आहे तवरक खाऊन जा जी." पाणकर म्हणाला होता, "आलोच." पाळ बांधून झाली तेव्हा शाळेच्या शिपायाने गुरुजींना हाक मारली, खेळ तिथेच थांबला, आणि पुढच्या रविवारच्या आत बदलीचा हुकूम आला.

"आलोच म्हणून गेलो मी!" भाऊरावांचा आवाज चिरकला. "सात वर्सं! आन तुमी थे घरच पुसून टाकता? थिले सांगाले तरी जाऊ द्या मले!"

गणपतला हसू आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भाऊरावांकडे पाहिलं, आणि कात्री मशीनच्या खणात ठेवली. मला काय वाटलं ते सांगतो. मला संताप आला. या माणसाने सात वर्षं आमचं डोकं खाल्लं, मला चारचौघांत गद्दार म्हटलं, आणि एकदाही एवढी गोष्ट तोंडातून काढली नाही.

गुरुजींनी चष्मा पुसला. उंदरांनी खाल्लेला मांजरपाट त्यांनी टेबलावर सारखा केला, पाचव्या बोडीजवळची एक सुरकुती अंगठ्याने दाबली. मग मान खाली घालून, मिशांतून, हळू आवाजात म्हणाले, "आले का जी? भिजले किती. भात थंडा झाला, गरम करू का?"

भाऊरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "राहू दे. असाच खातो."

पुढची पाळी गणपतची होती. त्याने कवड्यांकडे हात नेला.

"हात मागं घे!" भाऊराव खेकसले. "गडी जेवून राहिला. दिसत नाही का तुले?"

गणपतने हात मागे घेतला. बाहेर कोणीतरी पायजम्याचं माप द्यायला आलं होतं. त्याला मी खुणेनेच थांबवलं. भाऊराव मांजरपाटावरच्या पाचव्या बोडीकडे पाहत बसले होते.

बऱ्याच वेळाने गुरुजींनी विचारलं, "आणखी वाढू का जी?"

"वाढ," भाऊराव म्हणाले.