एकेक दाणा

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतले सबनीस काका पॉपकॉर्नमधले न फुटलेले दाणे फेकत नाहीत. खिशातून भिंग काढतात आणि एकेकाचं शवविच्छेदन करतात. "हा बघा, टवका उडालाय. वाफ निसटली. संपला!"

काका आयुष्यभर एका कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्तीनंतर बॉयलर सुटला, वाफ डोक्यातून गेली नाही. "आत थेंबभर पाणी, बाहेर घट्ट कवच. एकशेऐंशी अंशांच्या आसपास वाफ कवच फोडते, शिजलेलं पीठ फेसासारखं फुगतं आणि गार होऊन तसंच थिजतं. यात बटर कुठे आलं? सांगा ना!" आपण सांगायचं नसतं. सांगितलं की दुसरा तास सुरू होतो.

एकदा सिनेमाच्या मध्यंतरात त्यांनी काउंटरवरच्या मुलीला मशीनचं तापमान विचारलं.

"सर, चीज की कॅरमल?"

"मी उष्णतेबद्दल विचारतोय. आपण चवीबद्दल बोलताय."

मागे रांगेत आम्ही. सिनेमाचा उत्तरार्ध आम्हाला अजून माहीत नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा होता. सेक्रेटरी पाटणकरांनी आणलेला मका निम्मा फुटलाच नाही. काका उभे राहिले.

"वाळलाय. बरणीत चमचाभर पाणी घाला, झाकण लावून रोज हलवा. चार दिवसांनी फुटेल."

"काका, सिनेमा आत्ता आहे."

"मग चार दिवसांनी लावा."

"त्यापेक्षा आपण बरणी घेऊन घरी जा," पाटणकर म्हणाले.

काका खरंच गेले. बरणीसकट.

पाचव्या दिवशी ती बरणी परत आणायला पाटणकरांनी मला पिटाळलं. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात काकू खुर्चीत बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. गॅसवर काचेच्या झाकणाचं पातेलं होतं. आत तडकन आवाज झाला.

"फुटला!" काकू म्हणाल्या. अगदी स्पष्ट.

मी दारातच थबकलो. काकांनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे ओशाळले.

"एवढा एकच शब्द येतो तिला," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, बोलतं ठेवा. पण दाणा फुटला नाही, तर वाट बघत बसते. मग डोळ्यांत पाणी येतं. म्हणून नीट पारखून घ्यावे लागतात."

"मग मूठभर टाका की एकदम."

"नको हो. सगळे एकदम फुटले, तर तिला एकदाच बोलता येईल."

त्यांनी फुटलेली लाही काकूंच्या हातावर ठेवली, चिमटीतला एकच दाणा पातेल्यात सोडला आणि झाकण लावलं. मग त्यांनी मला खूण करून शेजारचं स्टूल दाखवलं. मी बसलो. आम्ही तिघंही त्या दाण्याकडे बघत राहिलो.