बिनघरट्याचा घरटेतपासनीस

एका जंगलात एक कोकिळ राहत होता. राहत होता म्हणजे कुठे, असं विचारू नका, बाळांनो. घरटं बांधणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. आणि आता लपवून काय उपयोग, तो कोकिळ मीच.

मी पुष्कळ नोकऱ्या केल्या. आधी गायक होतो. मला एकच गाणं येत होतं, तेही वर्षातून तीन महिने. मग सिंहमहाराजांना पहाटे उठवायच्या कामावर लागलो. मी ओरडायचो दुपारी. महाराज उठायचेही दुपारीच, त्यामुळे दोन वर्षं निभावलं. एकदा ते चुकून पहाटे जागे झाले आणि माझी नोकरी गेली.

नंतर मी आंब्यांचा सल्लागार झालो. कुठला आंबा पिकलाय ते सांगायचं. मी आधी खायचो, मग सांगायचो. शेवटी गाण्याचे वर्ग काढले. एकच विद्यार्थी आला, बेडूक. तो माझ्यापेक्षा लोकप्रिय झाला, तेव्हा मी वर्ग बंद केले.

अशा वेळी सगळे जे करतात तेच मी केलं. समाजसेवा करायचं ठरवलं.

जंगलात तेव्हा हरित घरकुल मंडळ निघालं होतं. ज्या घराचा जंगलाला त्रास नाही, त्याला मंडळ हिरवी पानं द्यायचं. उत्तम घराला पाच पानं. एकही पान मिळालं नाही, तर पौर्णिमेला वानरं येऊन ते घर मोडून टाकायची. मंडळाला स्वयंसेवक हवे होते. अर्जात रकाना होता, 'घरबांधणीचा अनुभव'. मी लिहिलं, 'घरट्यांशी जन्मापासून संबंध'. लगेच निवड झाली.

"अहो," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "दर वर्षीसारखं कावळिणीसमोर ओरडायला याल ना? ती तुमच्यामागे धावली की मी अंडं ठेवून येते."

"मला आता वेळ नाही," मी म्हणालो. "मी पर्यावरणात आहे."

"बरं, माझी मी जाते," ती म्हणाली. कुठे जाणार, ते मी विचारलं नाही. मी तक्ते भरत होतो.

काम जोरात चाललं. सिंहाच्या गुहेला मी पाच पानं दिली, कारण दारात दोन कुंड्या होत्या. टिटवीच्या घराला भिंतीच नव्हत्या, म्हणून भिंतींचे गुण शून्य. ती रडली. मी तिला चांगलं समजावून सांगितलं.

मग पाळी आली शेवंताबाई कावळिणीची. हिच्याच घरट्यात मी लहानाचा मोठा झालो. मी परका आहे हे तिला कधी कळलंच नाही, असं माझं ठाम मत होतं.

"ये रे बाळा," ती म्हणाली. "किती वाळलास!"

"शेवंताबाई, मी कामावर आलोय. ही तार कसली?"

"कुंपणाची. वारा सुटला की घरटं धरून ठेवते."

"लोखंड चालत नाही. दहा गुण वजा."

"अरे, तू एवढासा होतास तेव्हा वादळ झालं होतं. तुझा पाय या तारेत अडकला म्हणून तू वाचलास."

मला आठवत होतं. पायावर अजून वण आहे. पण तक्त्यात वादळाचा रकाना नव्हता.

"जुनी तार पुन्हा वापरली, याचे गुण देता येतील," मी जरा नरमून म्हणालो. "कुठून आणली, त्याचा दाखला आहे?"

"दाखला कसला? चोरली!"

मी पानांच्या रकान्यात शून्य लिहिलं. मला वाईट वाटलं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. वाईट वाटत असतानाच मी सहीही केली.

"आत अंडी आहेत रे," ती हळूच म्हणाली. "पौर्णिमा चार दिवसांवर आली. पिल्लं बाहेर येईपर्यंत तरी थांबा."

"नियम सगळ्यांना सारखा. अंडी किती?"

"पाच माझी."

"म्हणजे पाच."

"नाही. सहा."

ती बाजूला सरकली. कोपऱ्यात एक लहान अंडं होतं. आमच्या घराण्यातलं अंडं मी कुठेही ओळखतो.

मी तक्ता फाडला आणि नवा घेतला. तार, पारंपरिक बांधकाम. चोरी, स्थानिक साहित्याचा वापर. एकूण पाच पानं.

शेवंताबाईनं पानं घेतली. ती पानं उडून जाऊ नयेत म्हणून तिनं ती तारेत खोचली.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं. कामावर असताना मी तिला 'तू' म्हणत नाही, पण निघून गेलं तोंडातून.

"मला मोजता येतं," ती म्हणाली. "तुझ्या वेळीही मोजली होती." आणि ती सहाच्या सहा अंड्यांवर बसली.

पुढे मंडळानं मला निःपक्षपाती कामाबद्दल मानपत्र दिलं. ते ठेवायला माझ्याकडे जागा नाही. शेवंताबाईच्या घरट्यात ठेवलंय.

तात्पर्य: आपलं घर हरित ठरावं असं वाटत असेल, तर तपासनिसाचं एक अंडं आत असू द्यावं. आणि तपासनीस व्हायचं असेल, तर घर बांधायला मुळीच शिकू नये. ज्याला बांधता येतं, त्याला असे गुण कापणं जमत नाही.