खलनायकाचं कॅल्शियम

शेवटच्या प्रवेशात खलनायक नायिकेपुढे गुडघे टेकतो, माफी मागतो आणि निघून जातो, असं यंदाच्या नाटकात लिहिलं होतं. टेकलेले गुडघे पुन्हा उचलायचे कसे, हे लिहायचं मात्र लेखकाला सुचलं नव्हतं. तालमीत मुखरूभाऊ टेकले ते टेकलेच. शेवटी एका बगलेत नायिकेने आणि दुसऱ्या बगलेत तिच्या नाटकातल्या बापाने हात घातला, तेव्हा कुठे खलनायक उभा राहिला.

"भाऊ, शंकरपटाच्या दिवशी असं चालन का?" तालीम घेणारे गोपाल मास्तर म्हणाले.

ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असला की नाटक, आणि नाटक असलं की खलनायक मुखरूभाऊ, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. त्यांचं गडगडाटी हसू ऐकून पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात तोंड खुपसत. धानाची शेती होती, बैलजोडी होती, पण माणूस वर्षभर जगायचा तो त्या एका हसण्यासाठी. आणि पडद्याआडून संवाद सांगणारा धनराज अख्खं नाटक पाठ करून, मुखरूभाऊ कधी आजारी पडतात याची वाट पाहत बसलेला असे.

मुखरूभाऊ कण्हत घरी आले. त्यांची लेक दिव्यानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती हातात गोळी घेऊन रडकुंडीला आलेली.

"बाबा, हे पाहा केवढी मोठी गोळी! गळ्यात अडकते. फेकली तं आई मले सोडन का?"

"कायची हाय?"

"कॅल्शियमची. आशाताई म्हणते, हाडं मजबूत होतात."

हाडं म्हटल्यावर मुखरूभाऊंना गुडघे आठवले. "मंग दे इकडे. सरकारी औषध वाया नाई गेलं पायजे."

"आईले सांगू नोका."

"मार्कंडादेवाची शपथ!"

त्या दिवसापासून दिव्यानीच्या गोळ्या बाप गिळू लागला. गोळ्या वाटणाऱ्या आशा कार्यकर्त्या सुगंधाबाई रिकामी पाकिटं पाहून "अशी पोरगी पायजे!" म्हणत, आणि मुखरूभाऊ ते कौतुक आपल्याकडे घेत. आपली हाडं लोखंडाची होताहेत असं त्यांना वाटे. बायको इंदुताई हल्ली जेवताना दह्याची वाटी पुढे ठेवी. दही जिभेला झोंबे, पण "गपगुमान खा" म्हटल्यावर ते खात.

गुडघे जसेच्या तसे राहिले. बाकीचा माणूस मात्र बिघडला. घागरभर पाणी प्यावं तरी तहान भागेना, पोट साफ होईना, आणि डोकं तर कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे. तालमीत त्यांनी नायिकेचा हात धरून डरकाळी फोडली, "आता तुले माझ्या तावडीतून कोणी..." आणि थांबले. पुढचं आठवेना. धनराजने पडद्याआडून सांगितलं, तर म्हणाले, "थांब गा, जाऊन येतो," आणि नायिकेला तशीच तावडीत सोडून ते भिंतीमागे गेले. त्या संध्याकाळी ते तसे चारदा गेले.

इंदुताईंनी त्यांना शेअर जीपमध्ये कोंबून ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं.

"कॅल्शियमची गोळी घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे अन् गोळी?" इंदुताई म्हणाल्या. "तापानं फणफणले तरी घेत नाई."

डॉक्टरांनी मुखरूभाऊंकडे पाहिलं. मुखरूभाऊंच्या डोळ्यांपुढे मार्कंडादेव उभा राहिला. "नाई जी," ते म्हणाले.

"मग पॅराथायरॉईड पाहावं लागेल. मानेत चार छोट्या ग्रंथी असतात. एखादी बिथरली की हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतत राहते. तसं असलं तर ऑपरेशन लागू शकतं."

"कुठी?"

"गळ्याला."

मुखरूभाऊंचा हात गळ्याकडे गेला. "अन् आवाज?"

"आवाजाला सहसा काही होत नाही, पण..."

त्या "पण"नंतर मुखरूभाऊंना काहीच ऐकू आलं नाही. ग्रंथीच्या तपासणीसाठी रक्त नागपूरला गेलं आणि ती दोघं गावी आली.

ग्रंथी हाडं खाऊन राहिली आहे, ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. दिव्यानी तर रडायलाच लागली. "बाबा, तुमचे हाडं रिकामे होऊन राह्यले! माह्या सगळ्या गोळ्या तुमीच खा, मागच्या उरल्या त्या बी." मुखरूभाऊंनी त्या खाल्ल्या. इंदुताईंनी दह्याची वाटी काढून टाकली आणि वाडगा ठेवला.

आठवड्याने त्यांची तहान दुप्पट झाली. तालमीला गेले तर खलनायकाच्या जागी धनराज उभा. गोपाल मास्तर खाली पाहत म्हणाले, "भाऊ, तुमच्या गळ्याचं नक्की होईस्तोवर."

धनराज हसून दाखवत होता. ते हसू ऐकून पुढे बसलेलं एक पोरगंही हसायला लागलं. मुखरूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

नागपूरचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "तुमच्या ग्रंथी निर्दोष आहेत. इतकं कॅल्शियम पाहून बिचाऱ्या कामच बंद करून बसल्यात. हे बाहेरून येतंय. खरं सांगा, काय खाता?"

एकीकडे मार्कंडादेव, दुसरीकडे धनराजचं हसू. "देवा, माफ कर," मुखरूभाऊ पुटपुटले. "पोरीच्या गोळ्या खातो जी."

इंदुताई ताडकन उठल्या. "बाळंतपणाच्या गोळ्या? लाज नाई वाटत? माह्यापासून चोरून? नवऱ्यानं बायकोपासून असं लपवावं का, सांगा डॉक्टरसाहेब!"

"ताई, पण नुसत्या गोळ्यांनी एवढं चढणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणखी काही?"

इंदुताई हळूच खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दह्यात चुना टाकतो मी. पानाच्या डबीतला. गुडघ्यासाठी."

"किती?"

"मोबाईलात गव्हाच्या दाण्याएवढा सांगतात जी. एवढ्या मोठ्या माणसाले दाण्यानं का होते?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते हसत होते की रडत होते, ते मुखरूभाऊंना कळलं नाही. गोळ्या बंद, चुना बंद, सलाईन आणि भरपूर पाणी, एवढ्यावर ऑपरेशन टळलं. जिच्या गोळ्या तिनेच खायच्या, असंही त्यांनी बजावलं. म्हणून मग रोज दुपारी शेजाऱ्यांना मुखरूभाऊंच्या अंगणातून खलनायकाची डरकाळी ऐकू येई, "गिळतेस का नाई?" आणि पाठोपाठ दिव्यानीचं हसणं.

रक्त ताळ्यावर आलं, संवाद आठवले आणि भूमिकाही परत मिळाली. कारण तालमीत धनराजने गुडघे टेकले तेव्हा त्यालाही दोघांनीच उचललं होतं.

शंकरपटाच्या नाटकात पहाटे शेवटचा प्रवेश आला. मुखरूभाऊंनी गुडघे टेकले, माफी मागितली. नायिका म्हणाली, "ऊठ. मी तुला माफ केलं." मुखरूभाऊंनी एकदा जोर लावला. गुडघ्यांनी ऐकलं नाही.

"नाई बाई," ते हात जोडून म्हणाले, "एवढ्या मोठ्या पाप्यानं उठू नाई. मले इथीच राहू दे."

मांडवातल्या बाया पदर डोळ्यांना लावून रडू लागल्या, टाळ्यांवर टाळ्या पडल्या आणि पडदाही पडला. मग पडद्यामागे त्यांना उचलायला नायिका, तिचा बाप आणि धनराज, अशी तिघं लागली.