शाळेकडे गेलेला डबा

त्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं, डोंगराकडून कोरडा गार वारा सुटला होता, आणि पोहे परतून होताहेत तोवर पहिली शाळा आमच्या दारात येऊन उभी राहिली.

जपानात कोबे शहरात मोठ्या शाळा आपापल्या जागी बसून असतात. त्यांना बघायचं तर आईबापांनी उठून जायचं. लहान आंतरराष्ट्रीय शाळांना तेवढा तोरा परवडत नाही. रविवारी त्या रिकाम्या असतात, तेव्हा स्वतःच घरोघर जाऊन मूल बघून येतात आणि स्वतःला दाखवून येतात. माझा मुलगा सुहास इथं जहाजांच्या कंपनीत नोकरीला आहे. त्यानं तीन शाळांना वेळ दिली होती.

मला यात नवल वाटलं ते एवढंच, की मी आयुष्यभर उलटं बघितलं होतं. मी कृष्णेवर नाव चालवायचो. शाळा पलीकडच्या काठावर, पोरं अलीकडच्या. पोरं पोचवायची, संध्याकाळी परत आणायची. शाळेच्या पायरीपाशी कितीदा गेलो असेन, आत जायचं काही काम पडलं नाही. पुढं पूल झाला, नाव थांबली, आणि बायको गेल्यावर सुहास मला इकडं घेऊन आला.

आदल्या दिवशी घरात थोडा वाद झाला होता.

"आपण शाळा पसंत करणार, म्हणजे आपण मुलाकडचे," सुहास म्हणाला.

"ते आपल्या घरी येणार, पोहे आपण करणार. म्हणजे आपण मुलीकडचे," सूनबाई केतकी म्हणाली. "आणि मुलगीपण आपलीच आहे."

सुहास कांदा चिरायला बसला.

मुलगी म्हणजे माझी नात रेवा, सहा वर्षांची. घरात तिची बडबड थांबत नसे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मात्र एक शब्द नाही, मराठीत नाही की आणखी कशात नाही. आधीच्या शाळेनं वर्षभर वाट बघितली आणि मग हात जोडले. केतकीनं सरळ सांगून टाकलं होतं, "महिनाअखेरपर्यंत शाळा ठरली तर ठीक. नाहीतर मी रेवाला घेऊन कराडला जाते. तुम्ही दोघं बसा इथं जहाजं मोजत." ती चिडून बोलली असती तर मी काळजी केली नसती. ती शांतपणे बोलली होती.

पहिली शाळा तीन मजली, काचेची. दारातून तिचा तळमजला तेवढा आत आला, बाकीची जिन्यात राहिली. समोरच्या घरातल्या मोरिता आजी लगेच बाहेर आल्या. त्या आमच्या इमारतीच्या नियमांच्या प्रमुख. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, "जिन्यात सायकल, छत्री आणि शाळा ठेवायची नाही." सुहासनं चारदा माफी मागितली. शाळेनं एकदा मागितली.

मग शाळेनं विचारलं, "वीस वर्षांनी ही मुलगी कुठं असेल असं तुम्हाला वाटतं?"

सुहास बराच वेळ बोलत राहिला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "कुठं ते माहीत नाही. सव्वीस वर्षांची असेल." सुहासनं ते भाषांतर करून सांगितलं नाही.

शाळेनं पोह्यांत काय काय असतं ते विचारून घेतलं आणि खाल्ले नाहीत. पुढच्या वर्षी जागा झाली तर बघू, असं म्हणून ती उलट पावली जिना उतरली. वळायला जागा नव्हती.

दुसरी शाळा बेतशीर होती, फार स्वच्छ. तिनं रेवाला नाव विचारलं. रेवा टेबलाखाली गेली. शाळेनं वाकून टेबलाखाली पुन्हा विचारलं. रेवानं डोळे मिटून घेतले. शाळा सरळ झाली, पोहे छान झालेत म्हणाली आणि निघताना बोलली, "विचार करून कळवतो."

दार लागल्यावर सुहास म्हणाला, "आबा, इथं विचार करून कळवतो म्हणजे नाही."

"आपल्याकडं तरी वेगळं काय असतं?" मी म्हणालो. "तुझ्या आत्याला सात जणांनी विचार करून कळवलं होतं."

तिसरी शाळा उशिरा आली. वाऱ्यानं तिची दोन कौलं सरकली होती आणि चढ चढून ती दमली होती. दोन खोल्या, एक ओसरी, ओसरीला टांगलेली घंटा. चार कोपऱ्यांना तिनं रबरी बूट घातले होते. ते तिनं दारात काढले आणि तोंडं बाहेर करून ओळीनं लावून ठेवले, इकडं रीत आहे तशी. आम्ही जेवणाचं टेबल गॅलरीत सरकवलं तेव्हा ती हॉलमध्ये नीट मावली.

टेबल हलल्यामुळं रेवा उघडी पडली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि जवळचा आडोसा म्हणून शाळेच्या मागच्या दारातून आत शिरली.

शाळा केतकीशी बोलत होती ती बोलतच राहिली, फक्त आवाज उतरवला. मांडीवर मूल झोपलं की बाई बोलते तसा. तिनं पोहे खाल्ले, पुन्हा घेतले, वर लिंबू मागितलं.

केतकीनं मुद्द्याचं विचारलं. "तुमच्याकडे मुलं फार थोडी आहेत. तुम्ही टिकाल का?"

"सांगता येत नाही," शाळा म्हणाली. "दोन घरं बदलीवर गेली की मला हे गाव सोडावं लागेल. दुसरीकडं बघावं लागेल. याआधी तसं झालंय."

सुहासनं माझ्याकडं बघितलं. खरं बोलणारं स्थळ आलं की माणसं अशीच बघतात.

शाळा निघाली. येताना तिनं कापडात गुंडाळून खाऊ आणला होता, गोड चवळीचं सारण भरलेले उकडलेले गोळे. मोदकाचे चुलतभाऊच. आता दिलेलं घ्यायचं आणि पाहुण्याला मोकळ्या हातानं लावून द्यायचं, हे काही मला जमण्यातलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, फळीवरचा डबा काढला, बेसनाचे लाडू भरले आणि शाळेच्या ओसरीवर ठेवला. रेवाला आतून बोलावून घेतलं. शाळेनं बूट घातले, वाकली आणि गेली.

केतकी भांडी आवरायला आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"आबा, फळीवरचा स्टीलचा डबा?"

"दिला की. लाडू घालून."

"आईंचा? नाव घातलेला?"

तो माझ्या बायकोचा डबा होता. झाकणावर कोरलेलं, सौ. हिराबाई. केतकीनं तो सामानात कपड्यांच्या घड्यांत घालून आणला होता आणि कुणाला हात लावू देत नसे.

"द्यायला आइस्क्रीमचे डबे ठेवलेत ना मी ओट्याखाली!" ती म्हणाली. "ते गेले तरी चालतात. हा गेला तर काय करायचं?"

"जातोय कुठं? नाव आहे त्याच्यावर," मी म्हणालो. "येईल."

मला खात्री होती. नदीच्या दोन्ही काठांवर मी हेच बघितलंय. माणूस उसनी छत्री विसरतो, पण डबा विसरत नाही.

बुधवारी दुपारी शाळा डबा घेऊन आली. कामाचा दिवस असल्यामुळं मुलं आतच होती. ती खिडक्यांतून आमच्या घराकडं बघत होती आणि एक बाई फळ्यापाशी उभ्या राहून शिकवत होत्या. त्यांनी आमची अडचण होऊ नये म्हणून हळू शिकवलं. डब्यात भाजलेली रताळी होती.

"रिकामा देणं बरं दिसत नाही," शाळा म्हणाली. इकडंही तशीच पद्धत आहे.

केतकीनं रताळी काढून घेतली. डबा घासला, पुसला, फळीवर ठेवायला हात वर नेला आणि थांबली. समोर सगळी शाळा बघत होती.

"लेकरं आलीयेत घरी, अशी कशी पाठवायची?" ती स्वतःशीच म्हणाली. तिनं दुसऱ्या कशात चिवडा घालायला बघितला, पण आइस्क्रीमचे डबे त्या मुलांच्या मानानं लहान पडले. चिवडा हिराबाईच्या डब्यातच गेला. तेवढ्या वेळात रेवा शाळेत जाऊन शेवटच्या बाकावर बसली होती.

मग ते चालूच राहिलं. शाळा यायची, डबा यायचा, काहीतरी घेऊन जायचा. शंकरपाळी गेली, भाताचे गोळे आले. थालीपीठ गेलं तेव्हा शाळेनं दोन दिवस दम खाल्ला आणि मग संत्री घेऊन आली. रेवा दर वेळी आत बसून असायची. बोलत नव्हती. पण एकदा शाळा जिन्यात पोचली तरी ती उतरली नाही, म्हणून मला खाली नाक्यापर्यंत जाऊन तिला आणावं लागलं. परत येताना मोरिता आजी दारातच उभ्या होत्या.

"शाळेनं लिफ्ट वापरलेली नाही ना?" त्यांनी खुणेनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी जिन्यात डोकावून पायऱ्यांवर पडलेली खडूची भुकटी बघितली, झाडू आणला आणि झाडून काढली. चेहऱ्यावर राग होता असं मी म्हणणार नाही. फार दिवसांनी घरात केर झालेल्या बाईचा चेहरा होता तो.

महिना संपत आला. केतकीनं कपाटावरची बॅग खाली काढली. सुहास तिच्याभोवती घुटमळत राहिला.

"तिसरी शाळा बरी आहे की," तो म्हणाला.

"बरी आहे. पण उद्या उठून गेली तर? पोरीनं तिथं जीव लावायचा आणि शाळेनं गाव सोडायचं. मग ती घरातपण बोलायची बंद होईल, सुहास. मला नाही चालणार ते."

तिचं चूक नव्हतं.

शेवटच्या रविवारी शाळा आली ती बूट न काढताच दारात उभी राहिली. कौलं नीट बसवलेली, घंटा कापडानं बांधलेली. प्रवासाला निघताना घंटा बांधतात.

"दोन घरं गेली," ती म्हणाली. "मलाही निघावं लागतंय. डबा परत करायला आले. नाव घातलेली वस्तू घेऊन गाव सोडणं मला शोभत नाही."

डब्यात गोड गोळे होते, पहिल्या दिवशी आणले होते तसेच.

सुहासनं डबा घेतला आणि केतकीकडं दिला. केतकीनं तो छातीशी धरला. महिनाभर ती त्या डब्यासाठी झुरत होती, आता तो कायमचा आला होता. आता शाळा जायला मोकळी होती आणि केतकी रेवाला घेऊन कराडला जायला मोकळी होती. रेवा माझ्या पाठीमागं उभी होती. माझा सदरा तिनं मुठीत धरला होता.

"आबा," ती म्हणाली. दार उघडं होतं आणि आम्ही उंबऱ्याबाहेर, जिन्यात होतो. "आबा, डबा रिकामा झाला की मग?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. सुहासनं, शाळेनं, समोरच्या दाराच्या फटीतून मोरिता आजींनीसुद्धा.

केतकीनं पदर खोचला. ती ड्रेस घालते, पदर नसतो, पण तिनं खोचला.

"थांबा म्हणावं तिला," ती सुहासला म्हणाली. "रिकाम्या हातानं कुणी गेलं नाही या घरातून."

ती आत गेली. गोळे ताटात काढले, डबा घासून पुसला. पीठ भाजल्याचा वास आला, मग तुपाचा. लाडू वळायला वेळ लागतो. शाळेनं दारातच उभं राहून वाट बघितली, आणि पाय अवघडले तेव्हा बूट काढले.

डबा गच्च भरला. झाकण केतकीनं दाबून लावलं आणि नाव वर येईल असा शाळेच्या ओसरीवर ठेवला.

"हा आमच्या सासूबाईंचा डबा आहे," तिनं इंग्रजीत सांगितलं, सुहासला मध्ये येऊ दिलं नाही. "मला तो परत हवाय. पण घाई नाही. सावकाश द्या."

शाळेनं डब्याकडं बघितलं. लाडू संपायला तिला काही दिवस लागणार होते. मग त्यात घालायला काही करावं लागणार होतं, मग तो आणून द्यावा लागणार होता, आणि तो परत भरून मिळणार होता. अशा अवस्थेत कुठल्याही शाळेला गाव सोडता येत नाही. तिनं बराच विचार केला. मग ती घंटेवरचं कापड सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती, मी हात लावला.

"मुलीचं नाव लिहून घेते," ती म्हणाली.

"रेवा," रेवा म्हणाली.

केतकीनं बॅग परत कपाटावर चढवली.

आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत शाळा राहायला आली, कारण रोजचा चढ तिला झेपेना. आता सकाळी मी रेवाला पोचवतो. चार पावलांचं काम आहे, नाव लागत नाही. पहिल्या दिवशी पायरीपाशी थांबलो तर शाळेनं ओसरीवर एक स्टूल ठेवलेलं होतं, मोठ्या माणसाच्या उंचीचं. मी आत गेलो आणि बसलो.

परवा पाऊस बारीक लागला होता. रेवाला घेऊन येत होतो, तर मोरिता आजी जिन्यात भेटल्या. हातात झाडू होता. त्या हळू आवाजात काही बोलल्या आणि रेवानं ते जिन्यातच, मोठ्यानं, मला मराठीत सांगितलं. आजी म्हणत होत्या,

"तुमचा डबा अजून शाळेकडंच आहे ना? मग इतक्यात मागायला जाऊ नका."